काकांची हिरवी खुर्ची

"उघडू काय गो? बोल लवकर. उघडू काय?"

हे फोनवर असं विचारत होते आणि त्यांच्या मागनं पत्रा बडवल्याचा आवाज येत होता, नुसता धाड धाड धाड, आणि त्या आवाजात एक माणूस ओरडत होता, ह्यांचंच नाव घेऊन ओरडत होता. संध्याकाळचे पाच वाजत आले असतील. मी दारात बसून कोलंबी सोलत होती, हात सगळे बरबटलेले, फोन हातातनं निसटत होता, पोर रडायला लागली म्हणून तिला कडेवर घेतली, आणि काय बोलायचं, कुणाला विचारायचं काय सुचेना. तशीच अनवाणी धावत पुढच्या पडवीत गेली, काकांकडं.

हे म्हणजे माझा नवरा. लिबियात एका कंपनीच्या कॅम्पात मेस सांभाळायचे. कॅम्पाच्या मागच्या गेटाची चावी ह्यांच्याकडं असायची, कारण पावाची गाडी त्या गेटानं यायची, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. गेटाबाहेर ओरडत होता तो मुस्तफा. पाववाला. पंचेचाळीशीचा माणूस, तीन मुलींचा बाप. त्याच्या मागं बंदुकावाले लागले होते. गेट उघडलं तर तो आत येणार, आणि त्याच्या मागनं ते पण येणार. नाय उघडलं तर तो बाहेर.

एवढंच होतं. पण त्या वेळी काकांनी काय केलं ते सांगायचं तर काका कोण ते आधी सांगायला हवं, नायतर तुम्हाला वाटेल म्हातारा घाबरला. तो घाबरणारा माणूस नव्हता.

काका आमचे घरमालक. मिरजोळ्यात चिऱ्यांचं घर, पुढं लांब पडवी, मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं. काकी वारलेल्या, मुलगा ठाण्याला. काकांनी पण जवानीतली कितीतरी वर्षं लिबियातच काढलेली, स्टोअरकीपर म्हणून. तिकडं लोक मालकाच्या, म्हणजे तिथल्या हुकूमशहाच्या विरुद्ध रस्त्यावर आले, गोळ्या चालायला लागल्या, तेव्हा आपल्या माणसांना बोटीतनं परत आणलं, त्यांत काका होते. एक बॅग घेऊन आले. "बाकी सगळं तिथंच राहिलं," असं बोलायचे, आणि मला वाटायचं सामान राहिलं असेल. ते घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरच्या देशांची विमानं तिथं गेली बॉम्ब टाकायला. ते टीव्हीवर बघताना काकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग टाळ्या वाजवता वाजवताच रडले, असं शेजारचे गुरुजी सांगतात. मी तेव्हा लहान होती, लांज्याकडं आमच्या गावात. मला लिबिया म्हणजे काय ते पण माहीत नव्हतं. आठवी झाल्यावर मी शाळा सोडली. नकाशा आमच्या वर्गात होता पण उंदरांनी खाल्लेला.

तर काकांच्या पडवीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असायच्या. एक पांढरी, एक हिरवी. रोज पाच वाजले की काका चहा करायचे आणि पांढऱ्या खुर्चीत बसून बोलायला लागायचे. मोठ्यानं. समोर कोण नाय. हिरवी खुर्ची रिकामी. मी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं फोनवर बोलतायत. मग बघते तर उठले, लुंगी सावरली, आणि समोरच्या हिरव्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःलाच उत्तर द्यायला लागले. आवाज पण वेगळा. पांढऱ्यात असले की आपल्यासारखे हेल काढून, तणतणत. हिरव्यात गेले की हळू, जरा हसून, आणि समोरच्याला "हबीबी" बोलायचे, अरबीत दोस्ताला म्हणतात तसं.

मी ह्यांना विचारलं, "काकांना काय होतंय?"

हे बोलले, "काय नाय. संसद भरलीय."

सगळी वाडी त्याला संसदच बोलायची. पोरं जाताना ओरडायची, "काका, सरकार पडलं की राहिलं?" आणि काका पांढऱ्या खुर्चीतनं बोलायचे, "तुझा बापूस पडला काल गटारात, त्याला आधी उचल."

विषय एकच. दुसऱ्याच्या घरात मालक माजला असेल, माणसं मारत असेल, तर बाहेरच्यानं जावं की नाय. रोज तोच. कधी लिबिया, कधी इराक, कधी सीरिया, कधी येमेन, बातम्यांत जे असेल ते, पण शेवटी गाडी तिथंच.

पांढरी खुर्ची बोलायची, जाऊ नये. बाहेरचा पाणी घेऊन येतो आग विझवायला आणि मग घरातच मुक्काम करतो. हिरवी बोलायची, हबीबी, घर जळत असताना तू पाण्याचा हिशेब विचारतोस?

पांढरी खुर्ची खोताचं सांगायची. काकांचा आजा खोताचं कूळ होता, त्यामुळं त्यांना ते तोंडपाठ. "आमच्याकडं खोती गेली ती कशी गेली? कुळं भांडली, कोर्टात गेली, कायदा झाला. वेळ लागला. आजा मेला, बापूस म्हातारा झाला, पण गेली ती कायमची गेली. आता समज बाहेरनं फौज आली असती आणि खोताला एका रात्रीत उडवला असता. मग वाडीत कोण उरलं असतं? खोताचे दहा मुकादम. आणि एकेकाच्या हातात बंदूक. एक खोत गेला, दहा खोत झाले. तेच झालं ना तुमच्याकडं?"

मला ते पटायचं. मी तिथंच उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत ऐकायची. आमच्या घरात पण आजोबा खोताचं बोलायचे.

मग काका उठायचे. हिरव्या खुर्चीत बसायचे. मग हळू आवाजात, "म्हणजे मालकच बरा होता म्हण."

आणि इथं संसद थांबायची. कितीतरी वेळा बघितलंय मी, काका उठून पांढऱ्या खुर्चीत जाऊन बसायचे, तोंड उघडायचे, बंद करायचे, दाढी खाजवायचे.

गुरुजी कधीकधी यायचे आणि मधे तोंड घालायचे. ते उभ्यानंच बोलायचे कारण हिरव्या खुर्चीत काका कुणाला बसू द्यायचे नायत. "अहो, बांगलादेशात आपली फौज गेली नसती तर काय झालं असतं? सांगा की."

"गेली," काका बोलायचे, "आणि परत आली. परत कधी यायचं हे ज्याला कळतं त्यानंच जावं."

"आणि नायच कळत कुणाला तर?"

"तर गुरुजी तुम्ही घरी जावा, वहिनी वाट बघतायत."

एकदा गुरुजी दमून हिरव्या खुर्चीत बसले. मुद्दाम नाय, त्यांचे गुडघे दुखतात. काका एवढे चिडले की कपातला चहा सांडला. "उठा. ती जागा दिलेली हाय." गुरुजी उठले बिचारे. आठ दिवस आले नायत. मला वाटलं, काय हा हट्ट, पन्नास ठिकाणी तडकलेली प्लास्टिकची खुर्ची ती.

चहाचं पण तसंच. काकांचा चहा काळा, काकवीसारखा घट्ट, आणि एका ग्लासातनं दुसऱ्या ग्लासात हात उंच करून ओतत बसायचे, फेस येईपर्यंत. मग वर भाजलेले शेंगदाणे टाकायचे. चहात शेंगदाणे. वाडीतल्या बायका हसायच्या. मी एकदा प्यायली, गोड एवढा की दात दुखले, पण शेंगदाणे छान लागले. दोन ग्लास करायचे नेहमी. दुसरा हिरव्या खुर्चीच्या हातावर ठेवायचे आणि तिथं गेले की तो प्यायचे.

मग दिवेलागणीला संसद संपायची ती गाऱ्हाण्यानं. आपल्याकडं देवाला घालतात तसंच गाऱ्हाणं, पण काकांचं लिबियाचं. पडवीत उभे राहायचे, हात जोडायचे, पश्चिमेकडं तोंड, आणि सुरू करायचे.

"हे बा म्हाराजा, तिकडं वाळवंटात जी कोण लेकरं हायत, त्यांच्या मागची इडापिडा घालव. ज्यांना मालक नको झालाय त्यांना मालकाशिवाय जगायची बुद्धी दे. जो मदतीला गेलाय त्याला वेळेवर घरला यायची बुद्धी दे. आणि जो दारात उभा हाय त्याला आत घे रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला हो म्हणायला माणूस लागतो. आधी कोण नव्हतं, काका स्वतःच म्हणायचे. मग माझी पोर बोलायला लागली आणि ते काम तिनं घेतलं. दोन वर्षांची असल्यापासनं. काका थांबले की ही हात जोडून मोठ्यानं, "व्हय म्हाराजा." तिला त्याचं एवढं वेड लागलं की कुणी काय पण विचारलं, भात हवा? व्हय म्हाराजा. आंघोळ करायची? व्हय म्हाराजा. मी हसायची. आता हसू येत नाय.

मतदानाच्या दिवशी काका सगळ्यात आधी. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, सहा वाजताच शाळेसमोर हजर, रांगेत पहिला नंबर. एकदा मी आणि हे मागनं गेलो तर काका परत येत होते, बोट वर करून चालत होते. दोन बोटं. डाव्या हाताला शाई होती ती सरकारी, आणि उजव्या हाताच्या बोटाला पण तशीच रेघ.

हे बोलले, "काका, दोन मतं टाकलीत की काय? आत घालतील."

"दुसरी मी घरी लावली. स्केचपेननं."

"ती कशाला?"

"एकाचं राहिलंय टाकायचं," काका बोलले आणि गेले पुढं.

घरी आल्यावर आम्ही दोघं हसलो त्यावर. मला आठवतं, मी तर लोळून हसली.

मग ह्यांचं जायचं ठरलं. इथल्या कँटीनचं काम सुटलेलं, पोर लहान, एका एजंटानं लिबियाचं सांगितलं. मी रडली. हे बोलले, आता तिकडं थंड झालंय, चल काकांना विचारू, त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. तीन दिवस संसद भरली. जावं, जाऊ नये, जावं, जाऊ नये. मी चौथ्या दिवशी बोलली, "काका, एकदाच काय ते सांगा ना, माझा जीव टांगणीला लागलाय."

काका उभे राहिले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा. पोटाला लागतं. फक्त एक ऐक. कुठल्याच गेटाची चावी स्वतःकडं घेऊ नको. साहेब बोलला तरी घेऊ नको. सांग, मला सवय नाय, हरवते."

हे हसले. "काका, मी आचारी. मला कोण चावी देतोय."

तिथं गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात दिली. पाव पहाटे येतो, आचारीच त्या वेळी उठलेला असतो, मग चावी आचाऱ्याकडं. सगळ्या कॅम्पात तशीच पद्धत. ह्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मी काकांना सांगितलं नाय. मला वाटलं म्हाताऱ्याला उगाच कशाला घोर.

मुस्तफाचं हे सारखं सांगायचे. पाव देताना हातावर हात ठेवतो. मोडकंतोडकं हिंदी बोलतो, सिनेमातनं शिकलेलं. एकदा ह्यांनी त्याला आमची पोर फोनवर दाखवली तर त्यानं त्याच्या मुली दाखवल्या, तिघी एकसारख्या, लाजून एकमेकींच्या मागं लपत होत्या. त्यांच्या गावात नगरपालिकेसारखी निवडणूक व्हायची होती, कितीतरी वर्षांनी, आणि मुस्तफा पाव टाकून झाला की मतदारांच्या याद्या चिकटवायचा भिंतींवर. फुकट. हौसेनं. मी काकांना ते सांगितलं तेव्हा काकांनी त्या दिवशी चहाचे तीन ग्लास केले.

पण तिथल्या एका टोळीला ती निवडणूक नको होती. एका टोळीच्या मागं एक देश, दुसरीच्या मागं दुसरा, बंदुका सगळ्या बाहेरच्या. हे मला काकांनी सांगितलं, मला काय कळतंय त्यातलं. मला एवढंच कळलं की जो याद्या चिकटवतो त्याला शोधतायत.

आणि त्या दिवशी तिकडच्या दुपारी तो पावाची गाडी घेऊन आला आणि गेट बडवायला लागला.

मी पडवीत पोचली तेव्हा काका पांढऱ्या खुर्चीत होते, चहा ओतत होते. फोनचा आवाज मोठा केलेला, सगळं ऐकू येत होतं. मी बोलली, "काका, ह्यांच्याकडं चावी हाय, मुस्तफा बाहेर हाय, त्याच्या मागं माणसं लागलीत, हे विचारतायत उघडू का, काय सांगू?"

काका उठले. हातातला ग्लास खाली पडला, फुटला, त्यांचं लक्ष नाय. हिरव्या खुर्चीकडं दोन पावलं गेले आणि मधेच थांबले. पांढरी मागं, हिरवी पुढं, हे मधे उभे. तोंड हलत होतं. एवढी वर्षं रोज ज्याच्यावर बोलले ते आज समोर येऊन उभं राहिलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडातनं शब्द नाय.

"काका, बोला ना काय तरी."

फोनवर हे, "ऐकतेस ना? इथं सगळे बोलतायत उघडू नको. तो रडतोय गो. मी काय करू? उघडू काय?"

आणि माझ्या कडेवरनं पोर बोलली, बापाचा आवाज ऐकून, हात जोडून, खणखणीत, "व्हय म्हाराजा."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. कोलंबीचा घाण हात तसाच दाबला. आणि मी बोलली, "उघडू नका. तुम्हाला पोरीची शपथ हाय. उघडलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल."

पत्रा वाजत होता. मग गाड्यांचा आवाज आला, दोन-तीन, करकचून ब्रेक लावल्यासारखा. मग पत्रा वाजायचा थांबला. गोळी वाजली असं नाय. मी कान देऊन ऐकत होती, गोळी नाय वाजली. नुसतं शांत झालं. आणि मग फोन कट.

काका तिथंच खाली बसले, जमिनीवर, काचा पडलेल्या त्यांत.

अंधार पडेपर्यंत मी ह्यांना फोन लावत होती आणि काका तसेच. मी त्यांच्या तळहातातली काच काढली, हळद लावली. तेव्हा ते बोलायला लागले. पांढऱ्या खुर्चीचा आवाज नाय, हिरवीचा पण नाय. तिसराच.

"त्याचं नाव सालेम. आमचा फोरमन. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्यानंच मला चहा शिकवला. रोज संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायचो, तो म्हणायचा मालकाला हाकलायला बाहेरनं कोणीतरी यायला हवं, मी म्हणायचो कशाला, तुमचं तुम्ही बघा. तो हसायचा. मग माणसं रस्त्यावर आली, त्यांत तो गेला. चौथ्या दिवशी कॅम्पाच्या गेटावर आला. स्टोअरची आणि गेटाची, दोन्ही चाव्या माझ्याकडं. आमची पोरं बोलली, आपण पाहुणे, पाहुण्यानं घरच्या भांडणात पडू नये. मला पण तेच वाटत होतं. मी गेटाच्या आतनं उभा होतो, तो बाहेरनं. मधे एक पत्रा. तो ओरडला नाय. हळूच बोलला, हबीबी, उघड. दोनदाच बोलला."

पोर झोपलेली माझ्या मांडीवर, तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ उठलेले.

"परत आलो आणि टीव्हीवर विमानं बघितली," काका बोलले. "एवढ्या लांबनं ती आली. मला चार बोटं कडी सरकवायची होती."

मी विचारलं, "मग तुम्ही मघाशी का नाय बोललात? उघड असं का नाय सांगितलंत?"

माझ्याकडं बघितलं त्यांनी. मग पोरीकडं. बराच वेळ पोरीकडं बघत होते. "कसा सांगू?" एवढंच बोलले.

हे आले सहा आठवड्यांनी. कंपनीनं बसनं काढलं सगळ्यांना आणि विमानात बसवलं. मी देवाला नारळ दिला. बारीक झालेले, दाढी वाढलेली, पण हात पाय सगळे जाग्यावर. मला एवढंच हवं होतं. पहिल्या दिवशी जेवायला बसले आणि बोलले, "तो गेल्यावर संध्याकाळी गेट उघडलं. पावाचा क्रेट तिथंच होता, भिंतीला नीट लावून ठेवलेला. मागं माणसं लागलेली असताना पण त्यानं तो नीट ठेवला. वरच्या पावांवर कापड घातलेलं." मग जेवले नायत. मुस्तफाचं पुढं काय झालं कुणाला माहीत नाय. त्याचा नंबर लागत नाय. त्या मुलींचा फोटो ह्यांच्या फोनमधे हाय, मी तो पुसला नाय आणि बघितला पण नाय.

संसद बंद झाली. काका पाच वाजता चहा करायचे, फेस न काढता, एकच ग्लास, आणि पायरीवर बसून प्यायचे. खुर्च्या रिकाम्या. पोरं आधी ओरडायची, "काका, अधिवेशन कधी?" मग ती पण थांबली. गुरुजी येऊन बसायचे शेजारी पायरीवर, गुडघे दुखत असून. पोर सवयीनं दिवेलागणीला हात जोडून उभी राहायची आणि काका तिच्या डोक्यावर हात ठेवून आत जायचे.

गौरी-गणपती झाल्यावर काका आजारी पडले. जायच्या दोन दिवस आधी मला हाक मारली. "बाय, ती हिरवी तू घेऊन जा तुझ्याकडं."

मी बोलली, "मला नको काका. मी काय करू तिचं?"

"करू नको काय. नुसती असू दे." मग बोलले, "मी तुला चूक नाय म्हणत. कधी म्हणणार पण नाय. पण मला जसा तो रोज विचारतो ना, तसा तुला पण कोणी विचारायला येईल. त्याला उभा ठेवू नको. बसायला दे."

ते गेल्यावर मुलगा आला ठाण्याहून. चांगला माणूस. घर विकायचं बोलला, आम्हाला खोली बघायला वेळ दिला. पडवी झाडताना मला विचारलं, "वहिनी, ह्या मोडक्या खुर्च्या भंगारात टाकू का?" मी बोलली, पांढरी टाका.

आता आम्ही दुसरीकडं राहतो, हे परत कँटीनला लागलेत. बरं चाललंय. पण रात्री-दिवसा कधी पण दारावर कुणी थाप मारली, दूधवाला असो की शेजारीण, हे जागचे उठतात आणि दाराजवळ जाऊन थांबतात आणि माझ्याकडं बघतात. मी मान हलवल्याशिवाय कडी काढत नायत. माझ्यावर राग नाय त्यांचा. एकदा पण बोलले नायत की तू का नको म्हटलंस. बोलले असते तर बरं झालं असतं.

खुर्ची खिडकीपाशी हाय. मी तिच्यात बसत नाय. दुपारी पोर अंगणवाडीतनं यायच्या आधी मी एकटीच असते तेव्हा मी तिच्यासमोर उभी राहते आणि सगळं सांगते, माझी पोर तीन वर्षांची होती, मला दुसरं कोण नव्हतं, ते आत आले असते तर बाराच्या बारा आपली माणसं होती आत. सगळं खरं सांगते. आणि मग कानातला तो पत्रा वाजायचा थांबतो आणि मी हात धुवायला जाते.

तुम्ही शिकलेली माणसं असाल, तुम्हाला जास्त कळत असेल, कुणी कुणाच्या घरात जावं आणि कुणी नाय. म्हणून विचारते. पण खुर्चीत बसून सांगू नका. उभ्यानं सांगा, हात घाण झालेले, कडेवर पोर, आणि फोनवर तुमचा माणूस विचारतोय आणि बाहेरचा रडतोय आणि दोघांचे आवाज तुम्हाला एकदमच ऐकू येतायत. तुम्ही काय बोलला असतात?